बिऱ्हाड निघाले घाटावर

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की वाचकाला बर्फाची शिखरे, नारळीच्या बागा किंवा सातासमुद्रापलीकडची शहरे भेटावयाची हा जणू रिवाजच. मी जो प्रवास सांगणार आहे तो गिरगावात सुरू होऊन कोथरूडला संपतो. अंतर म्हणाल तर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात-येतात, आणि त्यांतले कोणी घरी येऊन त्यावर लेख लिहीत नाही. पण ती मंडळी हातात एखादी पिशवी घेऊन निघालेली असतात. आम्ही पन्नास वर्षांचे बिऱ्हाड घेऊन निघालो होतो. एखाद्या घरी पाहुणी म्हणून जाणे आणि त्याच घरी सून म्हणून जाणे यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन प्रवासांत आहे.

बिऱ्हाड माझे नव्हे, आईचे. १९७५ साली लग्न होऊन ती ठाकुरद्वाराजवळच्या एका वाडीतील चाळीत आली. दुसरा मजला, दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी आणि खाली उतरावयास एकच लाकडी जिना. वडील गेल्यावरही ती तेथेच राहिली. नोकरीनिमित्त मी पुण्यास येऊन पंधरा वर्षे झाली. दर दिवाळीस आम्ही 'आता पुण्याला चल' म्हणावे आणि तिने 'पुढच्या वर्षी बघू' म्हणावे, हा आमच्या फराळाच्या ताटातला एक ठरलेला जिन्नस होता. परंतु २०२५ च्या आरंभी चाळीच्या पुनर्बांधणीचे कागद पुरे झाले, आणि मे अखेर सर्वांनी खोल्या रिकाम्या करून द्याव्यात असे ठरले. नवी इमारत उभी राहीपर्यंत कोथरूडला येते असे आईने आपणहून सांगितले. आम्हाला आनंद झाला. त्या आनंदात, दोन खोल्यांत पन्नास वर्षांत किती वस्तू मावू शकतात याचा विचार दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाच्या मनात आला नाही.

तो आला आणि घरात दोन पक्ष पडले. धाकट्या बहिणीचे यजमान कंपनीच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, "हल्ली सामान हलवणाऱ्या कंपन्या असतात. सकाळी माणसं येतात, खोकी भरतात, संध्याकाळपर्यंत घर रिकामं. पैसे टाकावे आणि मोकळं व्हावं." माझा आत्तेभाऊ स्वावलंबनाचा कैवारी. तो म्हणाला, "चार पोरं आणि एक टेम्पो, एवढंच तर लागतं. त्याला कंपनी कशाला? आपण हलवू." सौभाग्यवतीने दोघांनाही एक प्रश्न विचारला, "पण हे सगळं तिकडे ठेवणार कुठे?" त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती एवढेच म्हणाली, "कोणी उचलायचं ते तुम्ही ठरवा. काय उचलायचं ते मी सांगेन."

त्या वेळी आम्ही हे वाक्य म्हातारपणचा हट्ट म्हणून सोडून दिले. परंतु आमच्या सगळ्या वादावर त्याहून नेमके कोणी बोलले नव्हते.

प्रथम भावांची चौकशी झाली. एका कंपनीने दूरध्वनीवरच, खोल्या न पाहता, अकरा हजार सांगितले. दुसऱ्या ठिकाणाहून एक गृहस्थ वही घेऊन आले. ते पलंगाखाली वाकले, माळ्यावर डोकावले, जिन्याची रुंदी वितीने मोजली, वाडीच्या तोंडापासून चाळीपर्यंत किती पावले पडतात ते चालून पाहिले आणि सव्वीस हजारांचा आकडा लिहून दिला. आत्तेभावाने तिसरा हिशेब मांडला. टेम्पोचे नऊ हजार, खोक्यांचे व सुतळीचे दीड हजार, चार माणसांची मजुरी चार हजार. मेव्हण्यांना अकरा हजारांचा आकडा आवडला. मला तो पटेना. माल न पाहता सांगितलेला भाव हा भाव नसतो, ते निमंत्रण असते. सामान गाडीवर चढले, की 'साहेब, जिना फार अरुंद, कपाट फार जड, गाडी लांब उभी' असे म्हणून खरा भाव बाहेर येतो, आणि त्या वेळी आपले घर रस्त्यावर असते. वही घेऊन आलेल्या माणसाची रक्कम मोठी होती, पण तिच्यात जिना धरलेला होता.

आता राहिले 'आपण हलवू'. मराठीचा मास्तर असल्यामुळे मला एक खोड आहे, वाक्यातला अडचणीचा शब्द दिसला की तेथे थांबावयाचे. या वाक्यात 'हलवू' हे क्रियापद सरळ आहे. अडचण 'आपण' या शब्दात आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तोही आत येतो. इंग्रजीत ही सोय नाही, मराठीत आहे, आणि आमची चाळ या सोयीवरच उभी होती. १९७६ साली वडिलांनी चोरबाजारातून एक जुने सागवानी कपाट आणले. हातगाडीवरून ते वाडीत आले तेव्हा कोणाला हाक मारावी लागली नाही, असे आई सांगते. गॅलरीतून दोघे उतरले, समोरच्या बिऱ्हाडातले तिघे आले, खालचा शिंपी मशीन थांबवून आला. आठ माणसांनी ते कपाट दोराने गॅलरीवरून वर घेतले, आणि मजुरी म्हणून सर्वांना पोहे व चहा मिळाला. त्या काळी 'आपण' म्हणजे आठ माणसे होती.

२०२५ साली मी त्याच मजल्याची मोजदाद केली. नऊ बिऱ्हाडांपैकी तिघांच्या दाराला कुलूप. राहिलेल्या सहांत पन्नाशीच्या आतला पुरुष एकच, आणि तो रात्रपाळीला. मुले डोंबिवलीला, विरारला, पुण्याला गेली, दोघे कॅनडात. माझी स्वतःची कंबर खडू-फळ्याच्या कामाला सवकलेली. आत्तेभावाचे गुडघे त्याने बोलण्यात धरलेच नव्हते. तेव्हा 'आपण हलवू' याचा अर्थ उरला तो एवढाच, की कंपनीऐवजी रस्त्यावरून चार अनोळखी माणसे आणावयाची आणि त्यांना आपण म्हणावयाचे. शेजार होता तोवर मजूर बोलवावे लागले नाहीत. शेजार पांगला आणि त्याचे काम पैसे देऊन करवून घेण्याची वेळ आली. यात कोणाचा दोष नाही, पण हा हिशेब पाहिल्यावाचून 'कंपनी महाग' असे म्हणण्यात अर्थ नाही.

ओझे उचलणे ही एक विद्या आहे हे पांढरपेशा माणसाला सहसा ठाऊक नसते. मुंबईत तर या विद्येचा इतिहास आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून मुंबईच्या बाजारांत आणि गोदीत आलेल्या या माणसांच्या कामाला वर्षानुवर्षे ना निश्चित मजुरी होती ना म्हातारपणाची तरतूद. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांसाठी मंडळे स्थापन झाली. डोक्यावरच्या ओझ्यासाठी केलेला कायदा म्हणून त्याचे कौतुक आम्ही वर्गात करतो. मात्र त्या ओझ्याखालच्या माणसाशी बोलण्याचा योग मला या बिऱ्हाडामुळे आला.

वही घेऊन आलेल्या गृहस्थांनी पाठविलेला मुकादम पाटण तालुक्यातला. त्याचे वडील मशीद बंदरला माथाडी होते. पहाणी करावयास तो एकदा अगोदर येऊन गेला. जिन्याच्या वळणावर उभा राहून त्याने कपाटाकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "सर, हे जिन्यानं यायचं नाही. वर कसं गेलं होतं?" आईने दोराची हकीकत सांगितली. "मग खालीही तसंच जाईल, आज्जी. दोर माझा आहे." आईला तो तेव्हाच पसंत पडला असावा.

तरीही तिने एक अट घातली. सामान भरण्याची माणसे येण्यापूर्वी सारे घर तिच्या हाताखालून गेले पाहिजे. महाविद्यालयाला उन्हाळ्याची सुटी होती. आम्ही दोघे गिरगावात मुक्कामाला गेलो आणि अकरा दिवस आईच्या हाताखाली राबलो. या अकरा दिवसांत मला जे कळले ते कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते. सामान हलवणाऱ्यांची माणसे प्रामाणिक असतात, आणि प्रामाणिक असल्यामुळेच दिसेल ते सारे भरतात. माळ्यावर पत्र्याचा एक डबा होता. त्यात एकोणचाळीस किल्ल्या निघाल्या. त्यांतल्या एकीचेही कुलूप घरात नव्हते. कंपनीने तो डबा तीन पदरी कागदात गुंडाळून, खोक्यावर क्रमांक घालून, घाट चढवून कोथरूडला आणून दिला असता, आणि आम्ही त्याचे भाडे भरले असते.

आईने तीन ढीग केले. एक कोथरूडचा, एक देण्याचा, आणि एक 'बघू'चा. पहिल्या दिवशी तिसरा ढीग सर्वांत मोठा होता, अकराव्या दिवशी तो संपला. तांब्याचा बंब समोरच्या काकूंना गेला, कारण त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात तोच वापरला होता. फळ्यांची मांडणी तळमजल्यावरच्या दुकानदाराला. वडिलांनी कापून ठेवलेली वर्तमानपत्रातील कात्रणे मी चाळली, दोन वह्या ठेवल्या आणि बाकीची रद्दीला घातली. आईने ती रद्दीवाल्याच्या तराजूत पडेपर्यंत पाहिली आणि मग आत गेली. पितळेचे डबे चौदा होते, तिने पाच घेतले. प्रत्येक वस्तू ज्याची त्याला स्वतःच्या हाताने नेऊन दिली आणि प्रत्येक घरी थोडे बसून आली. अकरा दिवस का लागले ते यावरून ध्यानात यावे. ते घर आवरणे होतेच, पण निरोपही तेच होते. पैसे घेऊन हे काम करून देणारी कंपनी अजून निघालेली नाही.

पाटा-वरवंट्याचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. सौभाग्यवती हळूच म्हणाली, "आई, घरी मिक्सर आहे." मुकादमही म्हणाला, "आज्जी, दगड काय, पुण्यातबी मिळंल." आई म्हणाली, "मिळेल. हा वरवंटा याच्या बारशाला पाळण्यात होता, आणि याच्या बहिणीच्याही." मुकादमाने पुढे एक शब्द न बोलता वरवंटा गोणपाटात बांधला आणि पाट्याला वेगळी गाठ मारली. कोणती वस्तू जड आहे हे त्याला आमच्याहून चांगले कळत होते. ती का न्यावयाची हे मात्र त्याला सांगावे लागले, आणि सांगताच समजले.

मग आमची व्यवस्था ठरली. कपडे, भांडी, पुस्तके, देव आम्ही बांधावयाचे. काच, कपाट, पलंग, शीतकपाट आणि सगळी चढ-उतार त्यांनी करावयाची. सामान निम्म्यावर आले होते आणि खोक्यांचे काम उरले नव्हते, त्यामुळे सव्वीस हजारांचा आकडा अठरा हजारांवर आला. आठ हजार रुपये आईच्या निवडण्याने वाचले.

या प्रसंगातून जाणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. पुस्तके नेहमी लहान खोक्यात भरावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले की ते उचलणाऱ्याची पाठ जाते किंवा खोक्याचा तळ जातो. खोक्याच्या वरच्या बाजूस नाव लिहिले तर रचल्यावर ते दिसत नाही, म्हणून दोन बाजूंस लिहावे, आणि आत काय आहे यापेक्षा ते नव्या घरी कोणत्या खोलीत जावयाचे ते लिहावे. आपण बांधलेल्या खोक्यात काही फुटले तर त्याची भरपाई वाहतूकदार सहसा देत नाहीत, म्हणून जे फुटण्यासारखे आहे ते त्यांच्याच हाताने बांधवून घ्यावे. आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांइतके उत्तम आवरण बाजारात मिळत नाही. एका लुगड्यात आरसा आणि दोन तसबिरी आरामात जातात. दागिने, रोकड, बँकेची व घराची कागदपत्रे ट्रकमध्ये जात नाहीत, ती आपल्या मांडीवर जातात. भरलेले गॅसचे सिलिंडर सामानात घालू नये. गाव बदलत असेल तर जोडणी परत करून अनामत रक्कम घ्यावी आणि नव्या गावी नव्याने नोंदवावी.

आणखी एक कागदाची गोष्ट. सामानाची यादी दोन प्रतींत करावी आणि गाडी निघण्यापूर्वी बिल्टी हातात घ्यावी. मालाची किंमत आधी लिहून दिलेली नसेल तर २००७ च्या रस्तावाहतुकीच्या कायद्याप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते, आणि नुकसान झाल्यास माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत त्यास लेखी नोटीस द्यावी लागते. 'आपल्या ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ओळख टिकावी असे वाटत असेल तर कागद करावा.

मेच्या मध्यास एका रात्री साडेनऊला टेम्पो वाडीच्या तोंडाशी लागला. दिवसाच्या गर्दीत तेथे मोठी गाडी उभी करणे कठीण, म्हणून रात्र निवडली होती. पाच माणसे आली. प्रत्येकाच्या खांद्यावर फडके, त्याची डोक्यावर चुंबळ झाली की खोके वर चढे. मान ताठ, नजर पायरीच्या एक पाऊल पुढे, आणि वळणावर मागच्याला आवाज. साठ-सत्तर खोकी तासाभरात उतरली. मग कपाट. त्याला गोणपाट व दोन लुगडी गुंडाळली, दोराचे दोन फेरे खांबाला घातले, आणि मुकादमाच्या 'सोड... धर... सोड...' या आवाजावर ते गॅलरीच्या कठड्यावरून इंचाइंचाने खाली गेले. सगळा मजला गॅलरीत उभा राहून पाहत होता. आठ माणसांचे काम पाच जणांनी केले. शेवटी आईने सर्वांना पोहे आणि चहा दिला. पैशांचा व्यवहार ठरलेला होता, तरी पोहे चुकले नाहीत.

आई आणि सौभाग्यवती त्या रात्री समोरच्या काकूंकडे राहून सकाळच्या इंद्रायणीने येणार होत्या. मी टेम्पोत ड्रायव्हर आणि मुकादम यांच्यामध्ये बसलो. भायखळा, लालबाग, परळ. दिवसा ज्या रस्त्यांवर आकाश दिसत नाही ते रस्ते मध्यरात्री रुंद वाटतात. या भागातल्या गिरण्यांत कामाला आलेली माणसे कोकणातून आणि घाटावरून एक ट्रंक व एक वळकटी घेऊन आली होती. त्यांचे बिऱ्हाड त्यांच्याच खांद्यावर मावत असे. १९८२ च्या संपानंतर त्यांतली कितीतरी तशाच ट्रंकेनिशी परत गेली. परतीच्या वाटेवर त्यांना कोणी भाव विचारला नसेल.

शीव, मानखुर्द मागे पडले, वाशीची खाडी ओलांडली. तुर्भ्याजवळ भाजीच्या, कांद्याच्या गाड्यांची रांग दिसली. मुकादम म्हणाला, "इथं सगळा बाजारच बिऱ्हाड करून आला, सर." ते खरे आहे. मुंबईतले घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत आणले गेले, आणि त्यांच्यामागून माथाडींची घरेही. त्याच्या वडिलांना मशीद बंदर सोडताना वाईट वाटले होते काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "वाईट कशाचं? काम जातं तिकडं माणूस जातो. पण म्हातारा सुट्टीला मशीद बंदरलाच चहा प्यायला जायचा."

कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग लागला. २००२ साली पूर्ण झालेल्या या सुमारे ९४ किलोमीटरांच्या रस्त्याने घाटाची भीती घालवली, तरी लादलेल्या गाडीला घाट हा घाटच असतो. खोपोलीनंतर गाडीचा आवाज बदलला आणि मागे कपाट एकदा करकरले. मला इतिहासातली एक गोष्ट आठवली. रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत सुरू झाली, पण मधला घाट फोडून मार्ग पुरा व्हावयास १८६३ साल उजाडले. मधली पाच वर्षे उतारूंनी खोपोलीस उतरावयाचे, पालखीने, तट्टावरून नाही तर पायी घाट चढावयाचा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावयाचे. त्या काळी पुण्यास बदली झालेल्या कारकुनाच्या सामानाचे काय होत असेल? 'हमाल घ्यावा की स्वतः न्यावे' हा प्रश्न त्याला घाटाच्या पायथ्याशी पडत असेल, आणि उत्तर त्याची बायको देत असेल.

जुन्या रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी लोककथा आहे. येणारे-जाणारे त्याला नाणे वाहतात. आमचा ड्रायव्हर नव्या रस्त्याने जाणारा, तरी तेवढ्या भागात त्याने स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला. "वाट दाखवणाऱ्याला विसरू नये," तो म्हणाला. पुढे लोणावळ्याच्या अलीकडे पूर्वी अमृतांजन पूल होता. १८३० साली बांधलेल्या त्या पुलाला हे नाव त्याच्यावरच्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीने मिळाले, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला. मी ही माहिती मुकादमाला पुरवली. "मलम अजून मिळतंय," तो म्हणाला, "आमच्याकडं डबीच असती."

तळेगाव, वाकड, बाणेर करीत चांदणी चौकातून उतरलो तेव्हा वेताळ टेकडी उजळू लागली होती. दोघे कामगार गाडीच्या मागे ताडपत्रीखाली झोपले होते, ते उठले, तोंड धुतले आणि लगेच कामाला लागले. खोक्यांच्या दोन्ही बाजूंस खोल्यांची नावे लिहिल्याचा फायदा येथे दिसला. कोणी काही न विचारता प्रत्येक खोके आपल्या खोलीत गेले. एका खुर्चीचा पाय प्रवासात खरवडला होता, तो मुकादमाने मी पाहण्यापूर्वी आपणहून दाखवला आणि बिल्टीवर लिहू दिला. नऊच्या सुमारास आई आली. तिने आधी कपाट पाहिले, मग पाट्याची गाठ सोडवली, आणि नंतर चहा मागितला.

त्या वर्षी मुंबईत पावसाळा २६ मेलाच दाखल झाला. तोवर आमचे शेवटचे लुगडेसुद्धा धुऊन वाळले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरगावला भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. बातमी वाचून आई म्हणाली, "आता जायला सोपं झालं." ती महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जाते. काकूंकडे बसते, बंब पाहते आणि संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परत येते.

तेव्हा कंपनी बोलवावी की आपणच हलवावे? घरात पाठीचे धड असे आठ हात असतील, जिना रुंद असेल आणि अंतर दोन गल्ल्यांचे असेल तर अवश्य आपण हलवावे, त्यात मौज आहे. त्यांपैकी एक गोष्ट जरी नसेल तर जाणत्या माणसांना योग्य मजुरी द्यावी, त्यात कमीपणा नाही. परंतु कोणाचाही भाव विचारण्याआधी एक प्रश्न घरातल्यांनी आपसांत विचारावा. यातले काय न्यावयाचे आणि ते कोण ठरवणार? ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देता येते. निवड देता येत नाही. ज्याचे बिऱ्हाड त्यानेच ती करावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ नाशिकास बदली झाली म्हणून मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक विचारावयास आले. मी तो लिहून देत होतो, तोच आई आतून म्हणाली, "त्यांना म्हणावं, आधी पंधरा दिवस घर आवरा. मग फोन करा."